हब गच्च भरू नका

प्रश्न : माझा दहाचाकी ट्रक सांगली-मुंबई धावतो. ग्रीसिंगला मेस्त्री हब ग्रीसने गच्च भरतात, नटही पूर्ण आवळतात. तरी पुढचं डावं चाक चटका बसेल इतकं तापतं. बेअरिंग हलक्या प्रतीचं असेल का?
– एक ट्रकमालक, मिरज

उत्तर : बेअरिंगला लगेच दोष देऊ नका. जास्त ग्रीस म्हणजे जास्त संरक्षण, हा समज सगळीकडे आहे. प्रत्यक्षात कोंडलेलं ग्रीस घुसळलं जाऊन तापतं, पातळ होतं आणि सील ओलांडून लायनरवर येतं. मग ब्रेक धरत नाही. ग्रीस हवं ते रोलरच्या फटींत, तळहातावर घेऊन दाबून भरलेलं. हबची पोकळी निम्म्याहून कमी भरली तरी पुरे.

नटाचंही तसंच. टेपर रोलर बेअरिंगला किंचित मोकळीक लागतेच. हब फिरवत नट आवळायचा, मग कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे मागे घ्यायचा आणि लॉक करायचा. डायल गेजवर साधारण ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर खेळ दिसावा.

खोललंच आहे तर सील नवीनच टाका. रोलर निळसर किंवा खड्डे पडलेले दिसले तर कप-कोन जोडीनेच बदला. जुनं ग्रीस पूर्ण धुवा, दोन जातींचं मिसळू नका. धुतलेलं बेअरिंग हवेच्या पाइपने गरगर फिरवू नका. रोलर उडून डोळा जाऊ शकतो.

एकच चाक तापतंय, म्हणून ब्रेक चिकटतोय का हेही पाहून घ्या. घरघर किंवा धूर आला तर गाडी तिथेच थांबवा.