डाळिंबाच्या सालीचा काढा आणि वडिलांचा अल्सर

प्रश्न : मुलगी बारामतीला फार्मसी शिकते. डाळिंबाच्या सालीच्या अर्काने उंदरांच्या पोटातले व्रण टळतात, असं ती सांगते. आमची डाळिंबाचीच बाग. गुडघेदुखीच्या गोळ्यांनी वडिलांना अल्सर झालाय. काढा देऊ का?
– एक वाचक, इंदापूर

उत्तर : औषधाऐवजी तर मुळीच नको. मुलीचं म्हणणं खोटं नाही, पण अशा चाचणीत काय होतं ते बघा. उपाशी उंदरांपैकी काहींना अर्क, काहींना ओमेप्राझोल हे अल्सरवरचं औषध, काहींना नुसतं पाणी देतात आणि नंतर तीव्र अल्कोहोल पाजतात. मग जठर कापून, धुऊन, सपाट पसरतात आणि लालभडक चरे भिंगाखाली मोजतात. कोणता उंदीर कोणत्या गटातला, हे मोजणाऱ्याला ठाऊक नसावं. नाहीतर नजर हवं तेच पाहते. अर्क दिलेल्या उंदरांत चरे कमी दिसले आहेत. श्रेय बरंचसं सालीतल्या टॅनिन या तुरट द्रव्याला देतात. पण तिथे अर्क जखमेच्या आधी पोटात गेला होता. वडिलांना जखम आधीच झालेली आहे. शिवाय बागेतल्या सालीवर फवारणीचा अंश असू शकतो.

माणसातले बहुतेक अल्सर वेदनाशामक गोळ्यांनी किंवा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूने होतात. तो जंतू शोधणाऱ्या वॉरेन आणि मार्शल यांना २००५चं नोबेल मिळालं. वडिलांची त्यासाठी तपासणी करून घ्या, गुडघ्याची गोळी बदलण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. शौचाला डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत रक्त दिसलं, तर रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठा.