मावा आला? फवारा उचलण्याआधी पान उलटून बघा



थंडीत दोन दिवस आभाळ भरून आलं की परसबागेत मावा दिसतोच. वाल-चवळीचे शेंडे काळे होतात, मिरचीची पानं आकसतात, हाताला चिकट लागतं. मग घाईघाईत कपाशीचं औषध परसबागेत येतं. ताई, जरा थांबा. ही भाजी उद्या-परवा आपल्याच लेकरांच्या ताटात जाणार आहे!

मावा इतका झपाट्याने का वाढतो?
माव्याची मादी नराशिवायच थेट पिल्लं घालते. ती पिल्लं आठ-दहा दिवसांत स्वतः वितात. म्हणून आठवड्यातून दोनदा पानांची खालची बाजू बघा. झाडावर मुंगळ्यांची रांग दिसली तर हमखास बघा. माव्याच्या अंगातून गोड चिकटा निघतो. त्यासाठी मुंगळे माव्याची राखणच करतात. त्याच चिकट्यावर पुढे काळी बुरशी चढते.

आपला सोबती ओळखा
लाल-केशरी, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा मावा खातो. त्याची अळी काळी, केशरी ठिपक्यांची असते. आपण तिलाच कीड समजून चिरडतो! फुगलेला, तपकिरी, न हलणारा मावा दिसला तर त्याच्या आत बारीक गांधीलमाशीचं पिल्लू वाढत असतं. असं पान तोडू नका. विषारी औषधाने हे सोबती आधी मरतात आणि मावा पुन्हा जोमाने येतो.

काय करायचं? क्रमाने करा
१. थोडाच मावा असेल तर शेंडा खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा. बाकीच्या झाडावर पाण्याचा जोरदार फवारा मारा.
२. तरी राहिला तर १ लिटर पाण्यात १ छोटा चमचा पातळ साबण मिसळून पानांच्या खालून फवारा. आधी दोन पानांवर मारून एक दिवस बघा.
३. जास्त असेल तर निंबोळी अर्क. ५० ग्रॅम वाळलेली निंबोळी कुटून १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. फडक्याने गाळा, चिमूटभर साबण घाला. त्याच दिवशी संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा मारा.

फवारलेली भाजी नीट धुऊनच शिजवा.

हे करू नका
तंबाखूचा काढा घरचा असला तरी विषारीच. तो हाताच्या कातडीतूनही अंगात भिनतो. युरियाही जास्त टाकू नका. त्याने पाला कोवळा, लुसलुशीत होतो आणि माव्याला तेच हवं असतं.

आणि एक. मिरची-काकडीचं पान पिवळं-हिरवं चट्टेरी झालं असेल तर तो माव्याने पसरवलेला रोग असू शकतो. त्यावर औषध नाही. झाड उपटून लांब पुरा.

पुढच्या बैठकीला येताना
प्रत्येकीने माव्याचं एक पान आणा. कुणाच्या पानावर ढालकिड्याची अळी सापडते, ते सगळ्या मिळून बघू. आणि जून-जुलैत निंबोळ्या पडतील तेव्हा गटाने मिळून गोळा करायच्या, हे आत्ताच ठरावात लिहून ठेवा. धुऊन, सावलीत वाळवून ठेवल्या की हिवाळ्यात दुकानात जावं लागणार नाही.