मेंदू, वीज आणि स्पर्श

(द्वितीय वर्ष कला, मानसशास्त्र)

डोळे गेले तर माणूस आंधळा होतो, वाचा गेली तर मुका होतो. स्पर्श गेलेल्या माणसाला मात्र आपल्या भाषेत स्वतंत्र नाव नाही. 'बधिर' म्हणावे, तर तो शब्दही मुळात बहिऱ्याचा, म्हणजे कानाकडून उसना घेतलेला! पंचज्ञानेंद्रियांत त्वचेची गणना करूनही तिचा विचार आपण कधी करीत नाही. मानसशास्त्राच्या तासाला मेंदूचा धडा चालू असताना हे माझ्या ध्यानी आले, आणि ग्रंथालयात वाचता वाचता एक विलक्षण हकीकत हाती लागली.

मेंदूवर बाभळीच्या सालीसारखा सुरकुतलेला, दोन ते चार मिलिमीटर जाडीचा एक थर असतो. शास्त्रीय ग्रंथांत त्यास बाह्यक म्हणतात. माथ्यापासून कानाच्या दिशेने उतरणारी एक घळ त्यात आहे. घळीच्या पुढच्या पट्टीतून हालचालीचे हुकूम सुटतात, मागच्या पट्टीत स्पर्शाची वार्ता पोचते. १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या बाह्यकास सौम्य विद्युत्प्रवाह दिला आणि त्याचा विरुद्ध बाजूचा पाय हलला. पुढे कॅनडातील माँट्रियल येथे डॉ. वाइल्डर पेनफील्ड हे फेफऱ्याच्या रोग्यांवर ते जागे असतानाच शस्त्रक्रिया करीत. कारण मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. मागच्या पट्टीवर विजेचे टोक टेकवले की रोगी म्हणे, बोटाला मुंग्या आल्या. बोटाला तर कोणी हातही लावलेला नसे! अशा रोग्यांच्या सांगण्यावरून पेनफील्ड व बोल्ड्री यांनी १९३७ साली शरीराचा मेंदूतील नकाशा प्रसिद्ध केला. त्यात हात आणि ओठ यांनी एवढी जागा अडवली आहे की सबंध पाठीच्या वाट्याला अगदी थोडी उरते.

याच पेनफील्डांच्या हाताखाली शिकलेले डॉ. जेकब चंडी यांनी १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मेंदूवरील शस्त्रक्रियेचा भारतातील पहिला विभाग सुरू केला. योगायोग असा, की त्याच संस्थेत त्याच काळी डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करीत होते. चांगल्या स्नायूचा कंडरा लुळ्या बोटाकडे वळवायचा, की मूठ पुन्हा मिटू लागे. हालचाल आली, पण स्पर्श आला नाही. ब्रँड यांनी दाखवून दिले की बोटे मुख्यतः रोगाने झडत नाहीत. वेदना कळत नसल्यामुळे भाजून, कापून, चिघळून ती झिजतात.

हे मला वाचूनच कळले असे नाही. पारनेर तालुक्यातील आमच्या गावी एक आजोबा आहेत. त्यांचा रोग गोळ्यांनी केव्हाच बरा झाला, परंतु बोटे सुन्न राहिली. ते चऱ्हाट सुरेख वळतात, पण नजर हातावर खिळवून. संध्याकाळी वीज गेली की त्यांचे हात जागच्या जागी थांबतात. शेजारी माझी आजी अंधारातही वाती वळत असते.

माझ्या वडिलांना शाळेचा फारसा लाभ झाला नाही. त्यांना मी हे असे सांगितले : विहिरीवर मोटार चालू करणारा एक आणि शेताच्या टोकाला दारे धरणारा दुसरा. वाफा भरला की तो ओरडतो, ''पाणी आलं!'' ती हाळी आली नाही तर मोटार चालूच राहते आणि बांध फुटतो. स्पर्श म्हणजे ती हाळी होय.

आता ती हकीकत. अमेरिकेतील नेथन कोपलँड या तरुणाच्या मानेचा मणका २००४ साली मोटार-अपघातात मोडला आणि छातीखालचे शरीर व हात निकामी झाले. हात शाबूत, मेंदू शाबूत, मधली तार तेवढी तुटलेली. २०१५ साली पिट्सबर्ग येथे त्याच्या मेंदूच्या दोन्ही पट्ट्यांत बारीक विद्युदग्रे बसविण्यात आली. पुढच्या पट्टीतील हुकूम यंत्राच्या हाताकडे जातो. यंत्राच्या बोटाला काही लागले की मागच्या पट्टीत प्रवाह सोडला जातो. त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, तरी कोणते यांत्रिक बोट दाबले ते तो बहुतेक वेळा अचूक सांगे. जाणीव होई ती त्याच्या स्वतःच्या, लुळ्या हातात! (''शॉक बसत नाही का?'' वडिलांनी विचारले. तो प्रवाह फार तर अँपिअरचा दहाहजारावा भाग असतो.) आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेला आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. वस्तू उचलून ठेवण्यास त्याला नुसत्या नजरेच्या आधारे साधारण २०.९ सेकंद लागत. स्पर्श जोडताच १०.२ लागले.

मात्र हुरळून जाण्याचे कारण नाही. तो स्पर्श म्हणजे बव्हंशी दाब आणि मुंग्या. सुती आणि रेशमी कापड बोटाने ओळखण्याची गोष्ट अजून दूर आहे. कवटी उघडावी लागते, विद्युदग्रांची शक्ती वर्षांगणिक क्षीण होऊ शकते. आजोबांच्या बाबतीत तर तार हातातच तुटलेली आहे, आणि चऱ्हाट वळण्यासाठी त्यांचे डोके उघडा असे कोणताही शहाणा डॉक्टर म्हणणार नाही. त्यांना हवे होते ते अंगावर पहिला सुन्न चट्टा उठला तेव्हा. आज ती औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि रोग अल्प असेल तर सहा महिन्यांत संपतात. आजोबांनी चट्टा दोन वर्षे सदऱ्याखाली झाकून ठेवला होता, कारण घरात मुलगी लग्नाची होती.