अडचण आधी, उपाय नंतर : ब्रिटनची ७९ वी आर्मर्ड डिव्हिजन



दुसरं महायुद्ध शिकवताना मुलं सनावळी पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. त्याऐवजी रणगाड्यांच्या या एका तुकडीची गोष्ट सांगून पाहा.

१९ ऑगस्ट १९४२ रोजी दोस्त सैन्याने फ्रान्समधील दिएप बंदरावर हल्ला केला. त्यात बहुतेक सैनिक कॅनडाचे होते. किनाऱ्यावरच्या गोट्यांत अनेक रणगाडे अडकले. अडथळे उडवायला पुढे गेलेले सैनिक उघड्यावर गोळीबारात सापडले. हल्ला फसला. मग विचार सुरू झाला, की हे काम माणसाऐवजी रणगाड्याकडूनच करून घेतलं तर?

१९४३ मध्ये हे काम ७९ व्या डिव्हिजनकडे आलं. तिचे प्रमुख पर्सी होबार्ट. यांचा जन्म १८८५ चा, आपल्या नैनितालचा! सैन्याने त्यांना निवृत्त केलं होतं. १९४० मध्ये ते गावच्या स्वयंसेवक दलात साधे लान्स कॉर्पोरल होते. चर्चिल यांनी त्यांना परत बोलावलं.

आता फळ्यावर दोन रकाने आखा. डावीकडे अडचण, उजवीकडे उपाय.

• जमिनीत सुरुंग – पुढे फिरत्या रुळावर साखळ्या, त्या जमीन झोडपतात.
• मऊ वाळू – कापडी पट्टा अंथरत जाणारा रणगाडा.
• खंदक – काठ्यांची भली मोठी मोळी आत टाकायची.
• खोल पाणी – भोवती कॅनव्हासचा पडदा, मागे पंखे. रणगाडा चक्क तरंगतो.

६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर हे रणगाडे उतरले. ही डिव्हिजन कधीच एकत्र लढली नाही. तिचे रणगाडे ज्याला गरज असेल त्या तुकडीला दिले जात. ऑगस्ट १९४५ मध्ये ती बरखास्त झाली. पण साखळ्यांनी सुरुंग झोडपणारी यंत्रं आजही वापरात आहेत.

मात्र फक्त कौतुक सांगून थांबू नका. उपायालाही मर्यादा असते. ओमाहा किनाऱ्यापुढे अमेरिकी तुकडीने खवळलेल्या समुद्रात सोडलेल्या २९ तरंगत्या रणगाड्यांपैकी २७ बुडाले. शिवाय याच डिव्हिजनकडे आग फेकणारा 'क्रोकोडाइल' रणगाडाही होता. ज्या कल्पकतेने आपली माणसं वाचली, तीच समोरच्या माणसाला जाळत होती. हे मोठ्या वर्गातल्या मुलांना जरूर सांगा आणि त्यांना बोलू द्या.

शेवटी प्रत्येकाला आपल्या शाळेतली एक अडचण लिहायला सांगा. उपाय लगेच नको. आधी 'ही अडचण का येते?' ते लिहायचं. धडा इथेच पक्का होतो.