आवाज आधी पोचतो, शब्द नंतर

सिग्नल नीट आला नाही तर आपण आधी ट्रान्समीटर तपासतो, मग रिसीव्हर. पण स्वमग्न म्हणजे ऑटिस्टिक मुलांच्या बोलण्याची वेळ आली, की आपलं अर्धंच तपासून होतं.

१९४४ साली व्हिएन्नाच्या हान्स आस्पर्गर यांनी अशा मुलांच्या आवाजाचं वेगळेपण नोंदवलं : कुणाचा अगदी हळू, कुणाचा कर्कश, कुणाचा हेल काढल्यासारखा. आता हेच मोजता येतं. स्वरतंतू सेकंदाला जितक्या वेळा कंप पावतात ती आवाजाची पट्टी. पुरुषांची साधारण १०० ते १२० हर्ट्झ, लहान मुलांची २५० ते ३००. बोलताना ती किती वरखाली होते तो पल्ला, आणि लागोपाठच्या कंपनांतला बारीक फरक म्हणजे जिटर.

लोक म्हणतात, ही मुलं 'रोबोटसारखी एकसुरी' बोलतात. गंमत बघा, फुसारोली आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पल्ला सरासरीने कमी नाही, उलट जास्तच निघाला! आणि नुसत्या एखाद्या आकड्यावरून स्वमग्नता ओळखता येत नाही, हेही दिसलं.

मग बिघडतं कुठे? २०१७ मध्येच नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी स्वमग्न प्रौढांच्या बोलण्याचे छोटे तुकडे अनोळखी लोकांपुढे ठेवले. आवाज ऐकून किंवा चित्रफीत बघून लोकांचं मत प्रतिकूल झालं. तेच बोलणं नुसतं लिहून वाचायला दिलं, तर फरक उरला नाही. म्हणजे मजकूर ठीकच होता; नापास झाला तो आवाज, तोही काही सेकंदांत.

मोठ्यांचं हे, तर मुलांचं काय होत असेल? 'उद्धट आहे', 'याला कशाचं काहीच वाटत नाही' असा शिक्का बसतो, आणि डाव मांडताना त्याला कुणी बोलावत नाही. तो काय म्हणत होता, हे ऐकायचं राहूनच जातं.

पहिल्या वर्षी होस्टेलवर वऱ्हाडी आणि मालवणी हेल ऐकून आपण हसतोच ना? महिनाभरात कान सरावतो आणि माणूस कळतो. इथेही तेवढंच करायचं आहे.

एक प्रयोग करा. 'प्राट' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात स्वतःचा आवाज टाकून पट्टीचा आलेख काढा आणि रूममेटच्या आलेखाशी ताडून बघा. दोन्ही सारखे येणार नाहीत. मग सांगा, यातला 'बरोबर' कुठला?