लघुसंगणक, चित्रफीत आणि ड्रायव्हर

संगणकावरील चित्रफीत संकोचित स्वरूपात साठविलेली असते. पडद्यावर दाखविण्यापूर्वी ती उलगडावी लागते. १९२० × १०८० आकाराच्या एका चित्रात २० लाखांहून अधिक बिंदू असतात आणि दर सेकंदास अशी सामान्यतः २५ ते ३० चित्रे सिद्ध करावी लागतात. लघुसंगणकाच्या मुख्य प्रक्रियकावर हे ओझे टाकल्यास चित्र अडखळते व यंत्र तापते. म्हणून अनेक चिपांमध्ये या कामासाठी स्वतंत्र विद्युत्-मंडल योजिलेले असते.

तथापि, केवळ मंडल असून भागत नाही. लिनक्सकडून त्यास काम देणारा आज्ञासंच, म्हणजेच ड्रायव्हर, आवश्यक असतो. ऑलविनर चिपांमध्ये असे मंडल होते. परंतु मूळ लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर नव्हता. २०१८ साली फ्रान्समधील बूटलिन कंपनीने लोकवर्गणीच्या साहाय्याने हे काम हाती घेतले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘सीड्रस’ हा खुला ड्रायव्हर लिनक्सच्या ४.२० आवृत्तीत समाविष्ट झाला. प्रारंभी तो केवळ एमपेग-२ पद्धतीच्या चित्रफिती उलगडत असे, एच.२६४ची सोय मागाहून झाली.

तात्पर्य, शाळेसाठी वा कार्यालयासाठी असे यंत्र घेताना चिपची क्षमता पाहून थांबू नये. आपल्या चित्रफिती ज्या पद्धतीच्या आहेत, तिच्यासाठी लिनक्समध्ये ड्रायव्हर उपलब्ध आहे किंवा नाही, याची खात्री खरेदीपूर्वीच करून घेणे हितावह होय.