रांगण्याला सायकलने जाताय?

गेल्या डिसेंबरात आम्ही तिघे कळंब्याहून गारगोटी, पाटगावमार्गे रांगणा किल्ल्याकडे सायकलने निघालो. बेत तीन दिवसांचा. भटवाडीच्या पुढे दगडगोटे, ओढे आणि जंगल. तिथेच हादऱ्यांनी माझ्या कॅरियरचा नट सैल होऊन पडला, सामान चाकात अडकलं आणि मी थेट ओढ्यात! 'कंपनाने नट सैल होतो, लॉकनट वापरा' असं पेपरात लिहून मी मार्क्स मिळवले होते. स्वतःच्या सायकलला मात्र साधेच नट!

म्हणून अनुभवाचे चार बोल :

१) कॅरियरला नायलॉक नट लावा. रोज रात्री सगळे नट पान्याने तपासा.

२) जड सामान खाली, फ्रेमजवळ बांधा. पाठीवर ओझं नको, तोल जातो.

३) कच्च्या वाटेवर टायरमधली हवा थोडी कमी करा. फार कमी केलीत तर दगडावर रिम आपटून ट्यूब फाटते.

४) पंप, पंक्चरचं सामान, जादा ट्यूब आणि सुतळी हवीच. माझं कॅरियर सुतळीच्या जोरावरच घरी आलं.

आणि निघायच्या आधी सगळं सामान बांधून कळंबा तलावाकडे एक चक्कर मारा. जे निसटायचं ते घराजवळच निसटू दे!